शिंगाडे मॅडमची पहिली भाषा

मी कॉलेजात भूगोल शिकवायला नवीन लागले होते. स्टाफरूममध्ये फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मेल आला नाही अजून." तर मागून आवाज आला, "काल तर तुमच्याकडं मेल आली होती. रातीतून बाईचा बाप्या कसा झाला?"

वळून पाहिलं. बारीक चणीच्या, सावळ्या, जाड चष्म्याच्या एक बाई. कपाळावर हिरवं गोंदण आणि अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या अंगावर मी तोवर पाहिल्या नव्हत्या. "मी कौसल्या शिंगाडे. मराठी विभाग. भाषाविज्ञान शिकवते," त्या म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली की ती 'तो' का 'ती' का 'ते', हे कोण ठरवतं त्याच्या शोधात असते. फारसीवाल्यांना ही कटकट नाय. 'तो' आन् 'ती' दोन्हीला एकच शब्द. बंगाल्यांचंबी तसंच. बसा, चहा घ्या."

अशा त्या होत्या. माणूस काय बोलतो यापेक्षा कसं बोलतो याकडे त्यांचे कान असायचे. गुलमंडीत आम्ही भाजी घ्यायला जायचो. फळवाल्याशी त्या दख्खनीत इतक्या सहज हुज्जत घालायच्या, की त्याला वाटायचं बाई आपल्याच मोहल्ल्यातली. त्यानं एक पपई पुढं केली की "नक्को मियाँ, कच्ची है" म्हणायच्या आणि मला बाजूला घेऊन सांगायच्या, "हा 'नक्को' आपला 'नको' बरं का. वरती फौजा भांडत होत्या तवा खाली शब्द एकमेकांच्या घरी जेवून येत होते."

एकदा प्राचार्यांनी सभेत जाहीर केलं, "आम्ही असं ठरवलंय की आपण सगळ्यांनी रविवारी यायचं." शिंगाडे मॅडम उभ्या राहिल्या. "सर, 'आम्ही'त कोण कोण आहे? आणि 'आपण'मध्ये तुम्ही आहात का?" हशा झाला, प्राचार्यही हसले, पण रविवारी त्यांना यावं लागलं. नंतर मॅडम मला म्हणाल्या, "हिंदीत हे विचारता येत नाय. तिथं 'हम' म्हटलं की ऐकणारा आत का बाहेर ते कळत नाय. आपल्याकडं दार आहे. तेलुगू-कन्नडच्या शेजाराला राहून आपण ते लावून घेतलं म्हणतात."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. गारखेड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पुढं. मूळ घर सिल्लोडच्या पुढचं, मेंढरं राखणारं. भावाचा मुलगा ज्ञानेश्वर चितेगावला कंपनीत होता, तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरात एक गोष्ट मला सुरुवातीपासून जाणवायची. मॅडम एकट्या असताना कधी गुणगुणत नसत, पुटपुटत नसत. सुईत दोरा ओवताना, दूध उतू गेल्यावर, पाय ठेचकाळल्यावरही तोंडातून शब्द नाही. ओठ गच्च मिटलेले. मी म्हटलं होतं एकदा, "तुम्ही स्वतःशी बोलतच नाही का हो?" त्यांनी विषय बदलला होता.

त्यांचा एक तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला आहे. माझा तास मोकळा होता, त्यांनीच बोलावलं होतं. विषय होता, बोलणाऱ्याला एखादी गोष्ट कुठून कळली हे क्रियापदातच सांगावं लागतं अशा भाषा. तुर्कीत म्हणे घडून गेलेल्या गोष्टीला दोन वेगळे प्रत्यय असतात. एक स्वतः पाहिलेल्याचा, एक ऐकलेल्याचा किंवा मागाहून कळलेल्याचा. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या काही भाषा तर याहून काटेकोर. पाहिलं, नुसता आवाज ऐकला, खुणेवरून ताडलं, कुणी सांगितलं, प्रत्येकाला निराळा प्रत्यय. "मराठीत आपल्याकडं 'म्हणे' आहे," मॅडम म्हणाल्या, "पण तो मर्जीवर. त्या भाषांत मर्जी चालत नाय. आज आपण मर्जी काढून टाकू. सांगा कुणीतरी एक गोष्ट. ऐकलेलं असंल तर प्रत्येक वाक्यामागं 'म्हणे' लागलंच पाहिजे."

सिल्लोडची नसरीन नावाची मुलगी उठली. "माझी खाला, मावशी, वारली म्हणे. मी लहान होते. ती गेल्यावर रोज फजरच्या नमाजाआधी अंगणात झाडू मारल्याचा आवाज यायचा म्हणे. दादी उठून दार उघडायची म्हणे. बाहेर कुणी नसायचं म्हणे." पोरं हसत होती. "अंगण झाडलेलं असायचं."

"म्हणे राहिलं," मॅडमनी टोकलं.

नसरीन खाली बघत उभी राहिली. मग म्हणाली, "नाही मॅडम. राहिलं नाही."

वर्गातलं हसू एकदम थांबलं. मला वाटलं, मॅडम काहीतरी विनोद करून ताण सैल करतील. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "मग व्याकरण बरोबर आहे. बस." आणि तास तिथंच संपवला. बाहेर आल्यावर पाहिलं तर त्यांच्या दंडावर काटा आला होता.

त्याच वर्षीच्या परीक्षेत आम्हा दोघींना एकाच हॉलवर देखरेखीचं काम आलं. दुपारची वेळ, पोरं माना खाली घालून लिहितायत, कूलरची घरघर. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभ्या होतो. मी सहज विचारलं, "तुम्हाला एकूण भाषा किती येतात?" त्यांनी बोटांवर मोजल्या. मराठी, हिंदी, दख्खनी, इंग्रजी, थोडी कन्नड, वाचण्यापुरती फारसी. मग थांबल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, "आन् एक पहिली."

ती गोष्ट मला त्या हॉलमध्ये अशी तुकड्यातुकड्यांत, पुरवण्या देता देता कळली.

त्या जुळ्या होत्या. कौसल्या आणि सुमित्रा. आईबाप मेंढरांमागं, तळ आज इथं तर उद्या तिथं. लहान पोरी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोड्याच्या पाठीवर एका वाकळेत. दिवसभर दोघीच एकमेकींच्या तोंडासमोर. त्यांच्यात त्यांची अशी एक बोली तयार झाली. आईला कळायची नाही, बापाला कळायची नाही. "जुळ्यांत होतं असं," मॅडम म्हणाल्या. "जगात सगळीकडं नोंदलंय लोकांनी. बहुतेक पोरं चार-पाच वर्षांची झाली की सोडतात. आम्हाला सोडायचं कारणच पडलं नाय."

आठव्या वर्षी सुमी तापानं गेली. एका शेताच्या बांधाला तिला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी तळ हलला, कारण मेंढरांना चारा हवा होता.

"मी बोलत राहिले," मॅडम म्हणाल्या. "घोड्यावर माझ्यापुढं तिची जागा रिकामी. मी तिच्याशी बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. तर आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. म्हणली, गप. मेंढरू कसं आवाजावर मागं येतं, तशी ती तुझ्या आवाजावर येईल. तिला येऊ देऊ नको. रोज हात दाबायची. दाबता दाबता रडायची. मग मी गप झाले. लई दिवस काहीच बोलले नाय. आन् मग मराठी बोलायला लागले. लोक म्हणले, पोरगी शहाणी झाली."

"त्यानंतर कधीच नाही बोललात? एकटीनंसुद्धा?"

"नाय."

"आई गेल्यावर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अलका, बोलले आन् उत्तर आलं नाय, तर ती खरंच मेली. आन् आलं तर?" एवढ्यात एका मुलानं पुरवणीसाठी हात वर केला आणि त्या निघून गेल्या.

मॅडम निवृत्त झाल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि बोलत होत्या. भरभर, लयीत, गालातल्या गालात हसत. एक अक्षर मराठी नव्हतं. हिंदी नव्हतं, कुठलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूचा भाषेचा भाग दुखावलाय, हे नुसते अर्थ नसलेले आवाज आहेत. ज्ञानेश्वरची बायको संगीता त्यांची उस्तवारी करायला येऊन राहिली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "आत्याबाई जेवत नायत हो. ताट ठेवलं की ढकलत्यात. आन् असं बोलत्यात जसं काय कुणी समोर बसलंय."

जिन्यात ज्ञानेश्वर भेटला. "मॅडम, गावाकडं सगळे म्हणत्यात, सुमाआत्या अंगात आलीय. अंगातलं उतरवणारा एक माणूस आणायचं चाललंय. माझा विश्वास नाय त्याच्यावर. मारझोडबी करतो तो. पण वडील ऐकनात. म्हणत्यात, ही आपल्या आईनं दाबून ठेवलेली गोष्ट आहे."

"त्यांना मारू देणार तू?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा. हे काय आहे?"

"ही भाषा आहे," मी म्हटलं. "मला थोडे दिवस दे."

मी भूगोलाची बाई. पण अनोळखी भाषेत कसं शिरायचं हे मॅडमनीच मला कितीदा तरी गप्पांत सांगितलं होतं. आधी वस्तूला हात लावायचा आणि गप्प राहायचं. मग मोजायचं. सर्वनामं शेवटी, कारण माणसं आपलं 'मी' सहज कुणाच्या हाती देत नाहीत. मी रोज संध्याकाळी जाऊन तेच करू लागले. वाटी हातात धरली. मॅडम म्हणाल्या, "टावी." दुसरी वाटी शेजारी ठेवली. "टावीनू." तिसरी ठेवली. "टावी-टावी." चौथी ठेवली, तरी "टावी-टावी"च. ग्लास धरला, उशा धरल्या, चमचे धरले. एकाला एक रूप, दोनाला 'नू' लावायचं, त्यापुढं सगळं दोनदा म्हणायचं. शाळेतलं संस्कृतातलं द्विवचन मला आठवलं, अरबीतही ते आहे असं मॅडम सांगायच्या. दोन पोरींच्या बोलीत ते नसतं तरच नवल.

डॉक्टरांच्या त्या अर्थ नसलेल्या आवाजांना व्याकरण होतं. मी जिन्यातच ज्ञानेश्वरला फोन लावला तेव्हा मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. त्याच्यासमोर मी संगीताला वरणाची एक वाटी आणायला सांगितली. मॅडमनी ती ढकलली आणि म्हणाल्या, "टावीनू." ताट ढकलताना त्या रोज म्हणायच्या तोच शब्द. मी संगीताला म्हटलं, "अजून एक आण." दुसरी वाटी आली, शेजारी ठेवली. मॅडमनी डाव्या हातानं चमचा उचलला आणि आपल्या पुढची वाटी शेवटपर्यंत संपवली. ज्ञानेश्वर डोळे पुसत बाहेर गेला आणि त्यानं वडिलांना सांगून त्या माणसाला आणणं रद्द केलं.

इथंच हे संपलं असतं तर मी सुखानं सांगितलं असतं, की बाई आजारात लहानपणीच्या भाषेत परत गेल्या, होतं असं. पण मी जात राहिले, आणि जसजसं कळत गेलं तसतसं मला त्या खोलीत बसणं जड होऊ लागलं.

एक तर त्या भाषेत 'मी' नव्हता. मी खूप शोधला. भूक लागली, पाय दुखतो, झोप येते, प्रत्येक वाक्यात एकच शब्द, "नूवा." आम्ही दोघी. मला उद्देशून त्या "का" म्हणायच्या, म्हणजे तू. पण नूवामध्ये मी नव्हते. स्वतःकडं बोट दाखवून मी "नूवा?" म्हटलं, तर मॅडमनी मान हलवली, लहान मुलासारखी, ठामपणे. याला कारण देता येतं. ज्या पोरी एकमेकींपासून कधी सुट्या झाल्याच नाहीत, त्यांना 'मी' लागलाच नसेल. मी स्वतःला तेच सांगत होते.

मग मोबाइलचं झालं. माझा फोन वाजला तेव्हा मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. आठ वर्षांच्या पोरींच्या बोलीत त्याला शब्द असणार कुठून? त्या म्हणाल्या, "टुकू." थांबल्या. मान जराशी डावीकडं कलली. "टुलू," म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. मग हसल्या, हरल्यावर हसतो तसं, आणि म्हणाल्या, "झिम." त्या दिवसापासून मोबाइल म्हणजे झिम. कधी चुकल्या नाहीत.

मला त्यांचाच एक तास आठवला. एकट्या माणसाला नवा शब्द करता येत नाही, असं त्या सांगायच्या. आवाज कुणीही काढू शकतो, त्याचा शब्द व्हायला दुसऱ्यानं तो ऐकून मान्य करावा लागतो. मी पुढचे काही दिवस फक्त ते थांबणं ऐकत होते. त्या वाक्य म्हणत, थांबत, आणि कधी कधी तेच वाक्य बदलून म्हणत. दुरुस्त केल्यासारखं. थांबणं दर वेळी सारख्या लांबीचं नसे. छोट्या प्रश्नानंतर छोटं. एकदा मॅडमनी काहीतरी विचारलं आणि इतका वेळ गप्प ऐकत राहिल्या, मधूनमधून हुंकार देत, की शेवटी मीच उठून पंखा बंद केला. मला वाटलं, त्या आवाजामुळं मला ऐकू येत नाहीये. असं वाटल्याचीच मला भीती वाटली.

संगीतालाही ते जाणवत होतं. ती एकदा स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमाला बोलता येतं ना आता थोडं? मग विचारा की, दुसरीला भाकरीबी पाहिजे का. नुसतं वरण ठेवतेय मी. बरं दिसत नाय."

मी विचारलं नाही.

शेवटी ठरलं की मॅडमना चितेगावला न्यायचं. संगीताला घर सोडून किती दिवस राहता येणार? ज्ञानेश्वरनं तिथं खालची खोली रिकामी केली, खिडकीला जाळी बसवली, पलंग आणला. चांगला मुलगा. त्यानं आत्याला शेवटपर्यंत जपलं, हे मी पाहिलेलं आहे. पण चितेगावला गेल्यावर मॅडम एक अक्षर बोलल्या नाहीत. संगीता मला फोनवर सांगायची, "गपच असतात. खिडकीतून बघत ऱ्हात्यात. एकाच वाटीत जेवत्यात, दुसरी ठेवली तर बाजूला सारत्यात." मी एकदा फोनवरून त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून पाहिलं. पलीकडून फक्त श्वास ऐकू आला. पावसाळा सरता सरता त्या झोपेतच गेल्या. मी मातीला गेले होते, पण तो चेहरा माझ्या लक्षात नाही. लक्षात आहे तो त्याच्या आधीचा, गारखेड्यातला.

सामान टेम्पोत चढवत होते. ऊन कलतं होतं, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. मॅडमना ज्ञानेश्वरनं गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं. मी वर जाऊन त्यांचा हात हातात घेतला, "पुढच्या आठवड्यात येते," असं मराठीत म्हटलं आणि खाली आले. मला दवाखान्यात आमच्या सासूबाईंना भेटायला जायचं होतं. रिक्षा थांबवली आणि वर पाहिलं.

त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. एकट्या कशा उठल्या कोण जाणे. केस सुटलेले, चष्मा नव्हता. माझ्याकडं पाहून डावा हात हलवत होत्या. निरोप देताना माणूस हसतं तसं हसत नव्हत्या. लेकीला परगावच्या बसमध्ये बसवून देणारी बाई जशी बघते, तसं बघत होत्या. आणि त्यांनी मोठ्यानं, पोरांच्या गलक्याच्या वरून मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं, एक वाक्य म्हटलं. 'सावकाश जा' याला त्यांचा एक शब्द होता, तो मी रोज निघताना ऐकायचे. तोच शब्द. पण त्याच्याआधी "का" नव्हतं.

"कानू," त्या म्हणाल्या. तुम्ही दोघी.

झटक्यानंतर प्रत्यय इकडचे तिकडे होतात, असं मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. होत असतील. त्यांचा तोवर एकही झाला नव्हता.

रिक्षावाला म्हणाला, "बैठो ना बाई, किधर जाना है?" मी आत बसले. माझी पिशवी शेजारच्या सीटवर होती. ती उचलून मी मांडीवर घेतली, आणि जरा सरकून बसले.